बॉनेटवरचा पदर

स्पोर्ट्स कार घेतल्यावर पहिले आठ दिवस ती चालवायची नसते, सल्ले ऐकायचे असतात. मी ऐकले. उद्यमबागेतल्या कारखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांचे ऐकले (त्यातल्या एकाकडेही चारचाकी नाही), पंपावरच्या माणसाचे ऐकले आणि मोबाईलवर इतके व्हिडिओ पाहिले की आमची सुनंदा म्हणाली, "अहो, माझ्या बाळंतपणाला एवढी काळजी केला नव्हता."

इंजीन गार असताना ताणायचं नाही. गतिरोधकावर गाडी तिरकी घालायची. टायरातली हवा दर आठवड्याला बघायची. सगळं तोंडपाठ. गाडी जुनीच घेतलेली, पण पांढरीशुभ्र, दोन माणसांची आणि उंचीला इतकी कमी की वडगावातल्या आमच्या गल्लीत शिरली तेव्हा शेजारच्या मंगलाक्का वरून ओरडल्या, "काय रं, चाकं बसवायची ऱ्हायलीत काय?"

खरा धक्का बसला आप्पांना. आप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं मागावर साड्या विणतायत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावले.

"मागची शीट कुठं हाय?"

"ह्या गाडीला नसतीय आप्पा."

"मग मी कुठं बसायचं? डिकीत?"

त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी सुनंदामार्फत मागत. नवव्या दिवशी संध्याकाळी एक भला मोठा गठ्ठा काखेत मारून आले आणि माझ्या अंगावर टाकला.

"घे. कव्हर. गाडीला पिलॅस्टिक घालू नगं, घाम धरतंय."

मी गठ्ठा सोडला आणि बघतच राहिलो. पिवळं सुती कापड, वीतभर मरून काठ, त्यावर कोयऱ्या, आणि बॉनेटवर बरोबर येईल असा अख्खा पदर! वर खळ इतकी कडक दिलेली की कव्हर गाडीशिवायही उभं राहिलं असतं. आठ दिवस न बोलता माणूस हे विणत बसला होता. अशा वेळी मी हमखास चुकीचं बोलतो.

"आप्पा, रंग जाणार न्हाय न्हवं?"

गल्लीत हा प्रश्न आप्पांना कुणी विचारत नाही. "रंग गेला तर साडी परत घीन आणि वर नवी दीन," हा त्यांचा शब्द. चाळीस वर्षांत एक साडी परत आलेली नाही, आणि आता पोटचा पोरगा विचारतोय. त्यांनी कव्हराची एक घडी नीट केली. मग म्हणाले, "उद्या मला निपाणीला आक्काकडं न्हे. बघू, कसं बसतात त्यात." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. समेट झाला म्हणून मी लगेच कव्हर घातलं. दुपारीच गाडीवर चमक टिकवणारा कसलासा स्प्रे मारला होता, तो अजून ओलसर होता, पण तेवढ्यासाठी आप्पांना थांबा म्हणायचं कसं?

पहाटे श्रावणातली भुरभुर येऊन गेली, मग कडक ऊन पडलं. दहाला आप्पा इस्त्रीचं धोतर, टोपी, हातात छत्री अशा थाटात बाहेर आले. मी कव्हर ओढलं. आलं नाही. जोर लावून ओढलं, तर गाडीच हलली. खळ भिजून पुन्हा वाळली होती आणि कव्हराचा गाडीवर पापड झाला होता.

"गरम पाणी वत," मंगलाक्का वरून म्हणाल्या आणि खालीच आल्या. त्यांच्यामागून गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. चार बादल्या ओतल्यावर कव्हर चर्रकन निघालं आणि सगळ्या वाकून बघायला लागल्या.

पांढऱ्या गाडीवर काठ उठला होता. बॉनेटवर पदर. एकूण एक कोयरी स्पष्ट.

"माझी गाडी!" मी डोकं धरून ओरडलो. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सगळ्या आप्पांकडे बघत होत्या.

आप्पांनी बॉनेटवरून बोट फिरवलं. "रंग गेला," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले. "आक्काला धा साड्या दिल्यात मी. काय तोंड दावू तिला?" लेकीच्या लग्नाच्या सगळ्या साड्या आप्पांकडून घेतलेल्या मंगलाक्का तडक घरात गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. आप्पांनी मान खाली घातली. त्यांना असं बसलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. गाडीचं दुःख मी तिथंच विसरलो.

तेवढ्यात सुनंदा स्प्रेची बाटली घेऊन माझ्या कानाशी आली. "अहो, हितं बारीक अक्षरात लिवलंय. चोवीस तास कापड घालू नका, कापडाचा रंग सुटंल."

अकरा व्हिडिओ पाहिले होते मी. बाटली वाचली नव्हती. ती गुपचूप गटारात टाकावी असं क्षणभर वाटलं (खोटं कशाला बोलू, दोन क्षण वाटलं). मग पायरीकडे बघितलं आणि बोललो, "आप्पांचा रंग न्हाय गेला. माझ्या स्प्रेनं काढला. चूक माझी."

आप्पांनी मान वर केली. "मोठ्यानं सांग. मंगला आत हाय."

मोठ्यानं सांगितलं. मग कोपऱ्यावरच्या कानडी घरासाठी त्यांच्या भाषेत सांगितलं. आप्पा उठले, धोतर झटकलं आणि गाडीत बसले. बसले म्हणजे जवळजवळ रस्त्यावर गेले. मी घाबरत विचारलं, "अवघडतंय काय?"

"न्हाय रं. माझ्या बाऽच्या खड्ड्यातल्या मागावर असंच भुईला टेकून बसायला लागायचं. बरं हाय."

निपाणीहून आल्यावर गाडी पॉलिशवाल्याकडे टाकली. त्यानं तीनदा घासली, तीन तऱ्हेची औषधं लावली आणि हात जोडले. "साहेब, डांबर जातंय, गंज जातोय. हे जाईना."

मी सुतकी चेहऱ्यानं घरी येऊन सांगितलं. माझ्या लग्नातसुद्धा आप्पा एवढे खूश झाले नव्हते.

"मग? पक्का रंग हाय त्यो!"

आता कुणी गिऱ्हाईक बाई रंगाबद्दल शंका काढायला लागली की आप्पा वाद घालत नाहीत. तिला माझ्या गाडीपाशी आणतात, हातात ओलं फडकं देतात आणि म्हणतात, "घासा." परवाच्या रविवारी चौघी येऊन घासून गेल्या. मी आत बसून इंजीन गरम करत होतो. त्यातल्या एकीनं काचेवर टकटक केलं.

"ओ, गाडी जरा उनात घ्या की. काठ नीट दिसंना."

घेतली.