आईचा फोटो, परक्याचं दुकान

"आमचं चित्र घ्यायला आलोय," दारातल्या बाई म्हणाल्या. तंजावुरात आम्ही आमची इथली मराठी बोलतो, पण दाराशी महाराष्ट्रातली मराठी क्वचितच ऐकू येते. मी कॉलेजच्या ऑफिसला निघाले होते, तशीच थांबले. बाई आणि त्यांचे यजमान सोलापूरहून देवदर्शनाला आले होते. ऑटो कोपऱ्यावर उभी करून पत्ता विचारत विचारत ते आमच्या घरी पोहोचले होते.

माझी आई निवृत्त चित्रकला शिक्षिका. लाकडी फळीवर सोन्याचा वर्ख, काचेचे खडे लावून तंजावुरी चित्रं काढते. एका चित्राला महिना लागतो. तिच्यासाठी मीच एक साधी वेबसाइट केली होती. घरापुढच्या ओट्याला आम्ही तिण्णै म्हणतो. तिथं ती ब्रश घेऊन बसली असतानाचा फोटो आणि घराचा पत्ता वेबसाइटवर टाकला होता. ऑर्डर आम्ही फोनवरच घ्यायचो, आणि सोलापूरहून कुणाचाच फोन आला नव्हता.

"कोणतं चित्र?"

बाईंनी मोबाइल पुढे केला. लोण्याचा गोळा हातात घेतलेला बाळकृष्ण. चित्र आईचंच, पण दोन वर्षांपूर्वीच पापनाशमच्या एका डॉक्टरांनी नेलेलं. खाली तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'निम्मी किंमत. फक्त दोन शिल्लक.' त्याखाली एक घड्याळ उलटं पळत होतं. आणि शेजारी आई हसत होती.

आवाज ऐकून आई बाहेर आली.

"ह्याच त्या!" बाई उसळल्या. "लेकीच्या नव्या घरासाठी मागवलं होतं. तीन महिने झाले, एकाही मेसेजला उत्तर नाही."

आईनं मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "ही मीच," ती म्हणाली. "पण हे दुकान माझं नव्हे."

"फोटो तुमचा, पत्ता तुमचा, आणि दुकान तुमचं नव्हे?"

आजवर दारात येऊन आईला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं.

मी आमची वेबसाइट उघडून दोन्ही मोबाइल शेजारी धरले. मजकूर तोच, फोटो तेच. मग वेबसाइटचा वरचा पत्ता अक्षर अक्षर वाचला. आमच्या पत्त्यात 'आर' एकदा होता, त्या दुकानाच्या पत्त्यात दोनदा. त्या पानावर फोन नंबर कुठंच नव्हता, नुसता एक फॉर्म.

"पैसे कुणाच्या नावावर गेले?" मी विचारलं.

यजमानांनी जुना मेसेज शोधला. कुणा अनोळखी माणसाचं नाव होतं. "मीच भरले," ते खाली बघत म्हणाले. "नाव वाचलंच नाही. घड्याळ संपेल म्हणून घाई केली."

आईनं त्यांना पाणी दिलं, इडली खायला लावली आणि साडी बदलून आली. "चला, पोलिसांकडे जाऊ. माझा चेहरा आहे तो, मीही येणार."

सायबर पोलिसांकडच्या अधिकारी बाईंनी त्याच ठगांची आणखी पानं उघडून दाखवली. तीच तांबडी अक्षरं, तेच घड्याळ. चेहरे मात्र निराळे. एका चेहऱ्यापाशी आई ओरडलीच, "अय्यो! हे आपल्या मागच्या गल्लीतले वीणा करणारे!" तिथूनच तिनं त्यांना फोन लावला. त्यांना काही पत्ताच नव्हता. ते परत परत एवढंच विचारत राहिले, "माझ्या नावानं? माझ्या नावानं लोकांना फसवलं?"

"पैसे गेल्या गेल्या हेल्पलाइनला कळवलं असतं तर कदाचित अडवता आले असते," अधिकारी बाई म्हणाल्या. आता उशीर झाला होता. तीन आठवड्यांनी ती पानं बंद झाली. सोलापूरकरांचे पैसे मात्र परत आले नाहीत.

पुढं सोलापूरच्या त्या बाईंचाच फोन आला. आधी त्यांनी आईची माफी मागितली, मग चाचरत बाळकृष्णाचं विचारलं.

"काढते," आई म्हणाली. "पण आधी व्हिडिओ कॉल करा. मला बघा, फळी बघा. पैशाचं मग बोलू."

आता दर रविवारी त्या फोन करतात, आणि कृष्ण कुठवर आला ते आई त्यांना दाखवते.