पगडी ठेवा, पुस्तक न्या

आज दादरच्या घरातलं कायद्याच्या पुस्तकांचं कपाट उघडलं आणि वेखंडाचा उग्र वास नाकात शिरला. झालं! हातातलं काम तसंच राहिलं आणि मन गिरगावात पळालं, प्लेगच्या आधीच्या दिवसांत, आमच्या वकिलांच्या लायब्ररीत. नवे वकील मला विचारतात, पुस्तकं छापील, वकील शिकलेले, मग लायब्ररी सांभाळायला वेगळा माणूस कशाला? अहो, काय सांगू यांना! आमचे तात्या बघायला हवे होते.

तात्या स्वतः वकिलीची परीक्षा पास झालेले, पण कोर्टात भांडण्यापेक्षा पुस्तकांत बसणं त्यांना गोड वाटलं. भांडणाची हौस मग ते आमच्यावर भागवत. त्यांचा एक नियम होता: पुस्तक बाहेर न्यायचं तर त्याच्या रिकाम्या जागेत आपली पगडी ठेवायची. त्या काळी बोडक्याने हिंडेल तो सुतकीच, त्यामुळे कितीही विसरभोळा वकील असो, दिवेलागणीच्या आत पुस्तक घेऊन हजर! आम्ही चिडायचो, पाठीमागे त्यांच्या नकला करायचो. पण हवा तो निकाल हवा त्या घटकेला हातात पडायचा, हेही खरं.

वरळी कोळीवाड्यातल्या एका विधवेचा खटला आमच्याकडे होता. तिच्या मासळी सुकवायच्या जागेवर एका शेठने दावा लावला होता. "जागा गेली तं मावरं सुकवू कुठं, दादा? पोरं खातील काय?" ती म्हणाली. ऐन सुनावणीत न्यायाधीशांनी बजावलं, तुमच्या आधाराचा निकाल मूळ पुस्तकात दाखवा, दुपारनंतर मी निर्णय देणार. घोड्याच्या ट्रामने मी गिरगाव गाठलं. तात्यांनी एका झटक्यात पुस्तक काढलं आणि हात पुढे केला, "पगडी."

"तात्या, बोडका कोर्टात उभा कसा राहू?"

"नियम म्हणजे नियम."

"ती बाई देशोधडीला लागेल हो!" मी रडकुंडीला आलो होतो.

 तात्यांनी स्वतःची पगडी उतरवली, फुंकर मारून धूळ झटकली आणि त्या फटीत ठेवली. "पळा आता. पान दुमडलं तर गाठ माझ्याशी आहे!"

त्या दिवशी येईल तो त्यांचं उघडं डोकं बघून हळूच विचारी, "तात्या, कोण गेलं?" आणि तात्या खेकसत, "कुणी नाही. बसा गपचूप." संध्याकाळी मी परतलो. त्यांनी आधी पानं तपासली, मग पगडी चढवली आणि मगच विचारलं, "जागा राहिली ना तिची?"

राहिली होती. पुढे बाईने टोपलीभर सुके बोंबील आणून दिले, तर नाकाला उपरणं लावून तात्या म्हणतात, "वा! आता वेखंड नको, वाळवी आपणहून पळेल." त्या जागेवर आज तिची नात बोंबील वाळत घालते.

प्लेगात निम्मं गिरगाव गावाकडे पळालं. तात्या पुस्तकं सोडून हलेनात, आणि प्लेगाने त्यांना नेलं. सोनापूरच्या स्मशानातून परतल्यावर आम्ही उरलेले चारदोन वकील लायब्ररीत येऊन बसलो, सगळेच बोडके. खुंटीवर तात्यांची पगडी होती. मी ती उचलली. वाटलं, बाहेर गेलेल्याची पगडी कपाटातच ठेवायची असते. एकेक कपाट बघत फिरलो, पण ठेवायला कुठे फटच नव्हती. एकूण एक पुस्तक जागेवर होतं.