एकदाच म्हटलेलं नको

लंडनच्या पिनर भागातल्या आपल्या वॉर्डातून रघुवीर मायदेव पाच वेळा निवडून आले. शिक्षण पुण्यात, नोकरी लंडनच्या एका बसकंपनीत, पण माणूस खरा रमला तो कौन्सिलमध्ये. कुणाचा कचरा उचलला गेला नाही, कुणाच्या दारापुढचा दिवा गेला, की फोन रघुवीररावांना. बायको, श्यामलाबाई, गेल्यावर तर घरात बोलायला तो फोनच काय तो उरला. मुलगा नॉटिंगहॅमला, ख्रिसमसला तोंड दाखवून जायचा.

उभी हयात इंग्रजांत काढली, पण स्वभाव मेला सदाशिव पेठेचाच! कुणाकडे पहिल्या शब्दाला चहा घेतील तर शपथ. आपण "नको, नको, आत्ताच झाला" म्हणायचं, यजमानांनी गळ घालायची, मग अर्धा कप घ्यायचा.

यंदा पक्षाच्या उमेदवार ठरवायच्या मीटिंगला सगळे त्यांचंच नाव धरून बसले होते. रघुवीररावांनाही उमेदवारी हवी होती, अगदी जीव तुटेल इतकी हवी होती. पण तोंडाने मागायची कशी? ते उठले आणि इंग्रजीत म्हणाले, "माझं आता वय झालं. कुणीतरी तरुणाने पुढे यावं." आणि मान खाली घालून आग्रहाची वाट पाहू लागले.

टाळ्या पडल्या. अध्यक्षबाई गहिवरून "हाऊ ग्रेशस, रघू!" म्हणाल्या आणि लगेच नवीन नावं मागवली. चहा यायच्या आत अनुयाचं नाव ठरलंसुद्धा. इथेच जन्मलेली पोर, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. रघुवीररावही हसत टाळ्या वाजवत राहिले. दुसरं करणार काय? घरी आल्यावर मात्र कोटसुद्धा न काढता जिन्यावर बसले आणि ढसाढसा रडले.

हळूहळू लोकांचे फोनही अनुयाकडे जाऊ लागले.

एका शनिवारी ती स्वतःच दारात उभी राहिली, हातात तिच्या नावाचा प्रचाराचा बोर्ड. आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली,

"काका, तुमची मन खूप मोठी आहे. त्या दिवशी मला म्हणायची होती, प्लीज स्टे. पण तुम्ही डिसाइड केलेलं, मग परत विचारणं रूड झालं असतं ना?"

तिने हातातला बोर्ड पुढे केला.

"हा बोर्ड तुमच्या फ्रंट गार्डनमध्ये लावू? नको असेल तर इट्स फाइन, रिअली."

'नको' अगदी ओठांवर आलं होतं. पण एकदा नको म्हटलं, तर ही पोर खरंच बोर्ड उचलून निघून जाईल आणि मग या दाराशी कुणीच येणार नाही, हे त्यांना आता कळून चुकलं होतं.

"लाव," ते पहिल्याच शब्दाला म्हणाले.