चढ्या सुराचा बाजा

माझे सासरे जितक्या आनंदाने चुकत, तितक्या आनंदाने बरोबर ठरलेला माणूससुद्धा मी कधी पाहिला नाही. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात. हिंगणघाटात मामाजींचं खिळे, पत्रे आणि दोरखंडांचं दुकान होतं, पण त्यांचा खरा धंदा अनोळखी वस्तू ओळखण्याचा. वेणा नदीच्या पात्रात सापडलेला एक काळा गोटा त्यांनी आकाशातून पडलेला म्हणून दुकानात गादीवर मांडून ठेवला होता. एका तेल्याने तो आपल्या जुन्या तेलघाणीवरचा दगड असल्याचं सांगितलं, तेव्हा मामाजींनी त्यालाच चहा पाजला आणि विचारलं, "मंग घाणीले वजन कसं लावतेत, तेवढं सांग बरं." चुकल्याचं दुःख म्हणून नाही. उलट नवं काही कळलं म्हणून दिवसभर चेहरा फुललेला.

सत्तरच्या दशकात मी नवी नवरी म्हणून त्या घरात आले आणि थोड्याच दिवसांत मामाजींनी नाचणगावच्या एका भंगारवाल्याकडून ते धूड आणलं. काळंकुट्ट, पोचे पडलेलं, एका बाजूला भलामोठा कर्णा आणि पोटात आतड्यांसारख्या गुंडाळलेल्या नळ्या. एसटीत ते मांडीवर घेऊन बसले होते, तर कंडक्टरने विचारलं, "काकाजी, हे काय होय?" मामाजी म्हणाले, "तेच तर पाह्यचं हाय ना बाप्पा!" घरी आल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते एका हाताने उचलून पाहिलं आणि निकाल दिला, "पितळ चांगलं हाय. मोडीत देल्लं तर पाण्याचा गुंड येईन." गुंड म्हणजे आमच्याकडचा पितळी हंडा.

पण मामाजी चिंच घेऊन बसले होते. घासता घासता कर्ण्याच्या कडेला पुसट इंग्रजी अक्षरं उमटली आणि त्यांनी मला स्वयंपाकघरातून ओरडून बोलावलं. मी बी.ए. झालेली, म्हणून घरातलं सगळं इंग्रजी माझ्याकडे. 'लंडन' एवढं लागलं आणि वर एक मुकुटाचा छाप. झालं! संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की आमच्या घरी विलायतेच्या राणीच्या लग्नातला बाजा आला आहे. पुढच्या आठवड्यात तो बिगुल झाला, मग ट्रम्पेट, आणि दर वेळी नव्या नावाच्या आनंदात मामाजी आलूबोंडे आणत. शेवटी वाचनालयातल्या जाड इंग्रजी कोशात मला हुबेहूब चित्र सापडलं: वर बोटांनी दाबायचे तीन चाप, चौथा बाजूला. नाव युफोनियम. मामाजींनी ते तीनदा म्हणून पाहिलं. "यु-फो-नि-यम! होमिओपॅथीची गोळी वाटते ना, सूनबाई?"

खरी परीक्षा पुढेच होती. नणंदेचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं आणि त्यात आपण हा बाजा वाजवणार असं मामाजींनी व्याह्यांना सांगूनही टाकलं होतं. गावातल्या बँडमास्तरांना दाखवायला बोलावलं. त्यांनी शिवणयंत्राचं तेल सोडून चाप मोकळे केले, तोंडाला लावायची वाटी आपल्याजवळची बसवली आणि फुंकलं. भिंतीवरची पाल पळाली. मी घरातल्या हार्मोनियमच्या पेटीवर तोच सूर धरला, तर दोघांचं जमेचना. मास्तरांनी मान हलवली. "बाद हाय काकाजी. नळी आतून सडली असन." आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "मी काय म्हणत होती? सोमवारी भांडेवाला येते."

मामाजींचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. मला राहवेना. मी मास्तरांना एकेक सूर वाजवायला लावला आणि पेटीवर ताडून पाहू लागले. खालचा, मधला, वरचा. काहीतरी लक्षात येऊ लागलं.

"मामाजी, हा वाकडातिकडा बेसूर नाई. सारेच सूर सारखे वर हायेत."

मामाजी ताडकन उठले. "म्हणजे बाजा बरोबर हाय, आपणच खाली हाओत!"

बँडमास्तरांनी कपाळावर हात मारला. "माहे उस्तादजी सांगत, गोऱ्या पलटणीतले जुने बाजे चढ्या सुरातले रायत. मले वाटे, म्हातारा फेकून राह्यला! मधली नळी बाहेर ओढली का सूर उतरते."

पण ती नळी कित्येक वर्षांत हलली नव्हती. गरम पाण्याची फडकी गुंडाळली, तेल सोडलं, दुकानातला दोर बांधला. एकीकडे मास्तर, दुसरीकडे मामाजी. मी बाजा पोटाशी धरलेला. एकदम 'फटाक्' झालं आणि मामाजी दुकानासाठी घरात आणून ठेवलेल्या दोरखंडांच्या ढिगात उताणे. हातात नळी. पडल्या पडल्याच ओरडत होते, "निघाली! निघाली!" कोणाची वरात निघाली म्हणून शेजारीपाजारी दारात आले. नळी बोटभर बाहेर ठेवून मास्तरांनी पुन्हा फुंकलं, मी पेटी धरली, आणि दोन्ही सूर असे एक झाले की कोणता कुठला ते कळेना.

साक्षगंधाला मामाजींनी मास्तरांकडून शिकून घेतलेली एक आरती वाजवली. पहिला सूर खोकल्यासारखा निघाला, व्याही दचकले. मग मात्र जो आवाज भरला तो मधासारखा, दाट, गोल. कुंकवाचं ताट हातात घेऊन आत्याबाई उभ्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या. रात्री भांडी आवरताना एवढंच म्हणाल्या, "गुंडाची काई घाई नाई."

पुढे ऐंशीच्या दशकात मामाजींचे समोरचे दात गेले. कवळीने फुंकर धरवत नसे. तरी दुपारी दुकान बंद करून आले की बाजा मांडीवर घेऊन ओसरीत बसत आणि मिटल्या डोळ्यांनी नुसते चाप दाबत राहत. आवाज काही नाही, फक्त टक्, टक्टक्, टक्. मी लेकराला थोपटत ते पाहत बसे. एकदा असाच तो टकटकाट थांबला आणि मामाजींनी बाजा खाली ठेवला, तर आत गहू निवडत बसलेल्या आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या, "दुसरं कडवं राह्यलं न तुमचं."

मामाजींनी बाजा पुन्हा मांडीवर घेतला.