तार पाहण्याचा कार्यक्रम

मला बघायला लातूरचे पाहुणे आले, तेव्हा मी नांदेडला पीएच.डी. करत होते. निलंग्याला आमच्या घरी पोहे झाले, आणि मुलाच्या आत्यांनी विचारलं, "पोरगी करती काय तिथं?"

"तारा वाकवती," वडील म्हणाले.

ते काही खोटं नव्हतं. झिंक ऑक्साइड या अर्धवाहकाच्या तारा आम्ही प्रयोगशाळेत वाढवायचो. केसाचे उभे शेकडो भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतकी एक तार. सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेल्या चरावर ती पुलासारखी आडवी ठेवायची, मधोमध सूक्ष्म सुईनं दाबायची आणि किती जोराला किती वाकते ते मोजायचं. त्यावरून तिची लवचिकता कळते. मी हे सगळं सांगितलं. आत्याबाई "बरं हाय" म्हणाल्या आणि चहाकडे वळल्या.

मुलगा लातूरच्या एका शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवायचा. त्यानं विचारलं, "दाबून सोडली की परत सरळ होते?"

"होते. फार दाबली तर मोडते."

"मला बघायला मिळेल?"

आजवर मला बघायला आलेल्या कुणीच हे विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले.

रविवारी तो पहाटेची तुकडी शिकवून एसटीनं नांदेडला आला. प्रयोगशाळेत माझ्या सोबतीला मैत्रीण होती. ती नांदेडचीच, जुन्या गावातल्या शिंप्याच्या घरातली, माझ्याच यंत्रावर काम करणारी. तिनं त्याला भिंतीजवळ खुर्ची दिली आणि बजावलं, "बोलायचं न्हाई, खुर्ची हलवायची न्हाई. सुईला सगळं कळतं."

आम्ही तेव्हा वैतागलेल्या होतो. कित्येक आठवडे आमचा आलेख थरथरत होता. कधी जमिनीला दोष दिला, कधी टेबलाला, कधी रस्त्यावरच्या ट्रकना. पंखाही बंद ठेवायचो. त्या दिवशीही रेषा थरथरतच होती, पण दुपारी त्यात भलतंच काही दिसायला लागलं. रेषेवर लहर उठायची, विरायची, थोडं थांबून पुन्हा उठायची.

"हे काय नवीनच?" मैत्रीण कुजबुजली.

आम्ही मागे वळलो. पाहुणे भिंतीला डोकं टेकून घोरत होते. प्रत्येक घोरण्याबरोबर पडद्यावर लहर उठत होती.

मैत्रिणीनं ओढणी तोंडात कोंबली. "लग्नाआधीच कळलं. नशीबवान हायेस."

मलाही हसू आवरेना. पण मग वाटलं, यंत्रावर काचेची पेटी आहे ती आवाज बाहेर ठेवायलाच. मग हा आत शिरतोय कुठून? पेटीच्या दाराखाली हात फिरवला, तर खालची रबरी पट्टी सुटून लोंबत होती. आम्ही सगळं तपासलं होतं, दार सोडून.

पट्टी चिकटवली, दार लावलं आणि पुन्हा सुई टेकवली. पाहुणे घोरतच होते. रेषा मात्र सरळ वर गेली, आणि जोर काढल्यावर त्याच वाटेनं खाली आली. तार वाकली होती, पुन्हा जशीच्या तशी झाली होती. आम्ही दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. मग दुसरी तार घेतली. तिनंही तेच केलं.

तो जागा झाला. "सुरू झालं का?"

"झालंसुद्धा," मी म्हणाले आणि दोन्ही आलेख दाखवले. "हा तारेचा. आणि या लहरी तुमच्या."

तो कानापर्यंत लाल झाला. लहरींवर बोट ठेवून म्हणाला, "आई कायम सांगते, मी मानत नव्हतो. आता काय बोलणार."

मैत्रीण मोठ्यानं हसली आणि आम्हाला चहाला घेऊन गेली. मग मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेले. बस फलाटाला लागली, तरी तो रेंगाळला.

"तुमचा विचार काय मग?"

"तुम्हाला झोप कुठंही लागते?"

"गप्प बसायला लावलं तर लागते."

मी त्याला पुढच्या रविवारीही यायला सांगितलं, तारा अजून पुष्कळ मोजायच्या होत्या. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "कसा वाटला?"

"चालतंय," मी म्हणाले. ते बरं म्हणाले आणि आत्याबाईंना कळवायचं म्हणून त्यांनी लगेच फोन ठेवला.