विहिरीचे जाणकार

भाची शनिवारी दुपारच्या एसटीने लॅपटॉप घेऊन गावी आली. ती रत्नागिरीत तासिका तत्त्वावर शिकवते आणि उरलेल्या वेळात कोकणातल्या जुन्या विहिरींवर पीएच.डी. करते. आमच्या गावच्या पायऱ्यांच्या विहिरीवरचं प्रकरण मार्गदर्शकांनी तिला एकदा परत केलं होतं. समासात दोनच शब्द होते, 'मूळ साधन?' सोमवारी पुन्हा द्यायचं होतं. या खेपेलाही परत आलं असतं तर नोंदणीची मुदतच संपत होती.

घरात रेंज नाही, म्हणून आम्ही वर सड्यावर, कातळाच्या माळावर जाऊन काजूच्या सावलीत बसलो. दिवाळी होऊन गेलेली, कातळावरचं गवत पिवळं पडलेलं. खाली खाडीचं पाणी इतकं स्थिर की त्यातली होडीसुद्धा कोणीतरी चितारून ठेवल्यासारखी वाटत होती. फोनवरून लॅपटॉपला इंटरनेट जोडलं होतं. एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की मधे माझी एक डुलकी व्हायची. जाग आली की पडद्यावर तीच विहीर आणि तेच वाक्य. अरबी व्यापाऱ्यांनी ही विहीर आपल्या घोड्यांसाठी बांधली आणि संध्याकाळी घोडे पायऱ्या उतरून पाण्यावर येत.

तिची पद्धत मला आवडली. पहिल्या पानावर विश्वास ठेवायचा नाही. लिहिणारा कोण ते बघायचं, त्याने तळाला कोणाचा हवाला दिलाय ते बघायचं आणि त्या माणसाच्या दारात जायचं. पर्यटनाच्या एका संकेतस्थळाने आम्हाला एका ज्ञानकोशाकडे धाडलं. त्याने एका संशोधन-पत्रिकेकडे. पत्रिकेच्या नावात आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय आणि समीक्षित हे तिन्ही शब्द होते आणि संपादक मंडळाची यादी लेखापेक्षा लांब होती. लेखाच्या तळटीपेत एका चर्चासत्रातला निबंध होता, निबंधाच्या तळाशी एक स्मरणिका. आमच्याच गावच्या मुंबईकर मंडळाची, रौप्यमहोत्सवी. कोणा भल्या माणसाने ती स्कॅन करून चढवली होती.

पान वरून खाली हळूहळू उमटू लागलं. आधी शुभेच्छुकांचे फोटो, सगळे टायवाले. मग खालच्या अर्ध्या पानावर, चौकटीत, तेच वाक्य. लेखकाचं नाव नव्हतं.

"सापडलं, मामा," ती म्हणाली. "छापील आहे. सगळ्यांच्या आधीचं."

ती चौकट मी ओळखली. त्या वर्षी एका शुभेच्छुकाने आयत्या वेळी जाहिरात मागे घेतली होती. अर्धं पान कोरं राहिलं, छापखाना थांबलेला, आणि मंडळाने गावाकडून काहीतरी मजकूर मागवला. मी कागद घेऊन विहिरीच्या पायरीवर बसलो. पाणी हिरवं, वर पिंपळ, कुठे आवाज नाही. बराच वेळ बसल्यावर मला घोडे दिसले. खरंच दिसले. ओल्या पायऱ्यांवरून जपून उतरणारे, माना खाली घातलेले. मी ते लिहून काढले आणि सुरुवातीला 'जाणकारांच्या मते' एवढं घातलं. जाणकाराचं वय तेव्हा पंचवीस होतं आणि तो बी.ए.ला एकदा बसलेला होता.

गप्प राहिलो असतो तर तिचं काम झालं असतं. छापील पुरावा, तळटिपांची रांग, मार्गदर्शक खूश. पण ती संदर्भ उतरवून घेऊ लागली, पान क्रमांकासकट, आणि ते मला बघवेना.

"ते मी लिहिलंय," मी म्हणालो.

ती हरखली. "मग तर बरंच. तुला कोणी सांगितलं होतं?"

मी सांगितलं ते तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग लॅपटॉप गवतावर ठेवला. चार पानं गेली, असं म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "घोडे छान होते रे. मी त्यांच्या पाणी पिण्यावर एक परिच्छेद लिहिला होता." पत्रिकेच्या समीक्षकांपेक्षा तिच्यापुढे मला जास्त लाज वाटली. मी विचारलं, आता सोमवारी काय देणार? विहीर कोणी बांधली ते माहीत नाही असं लिहीन, ती म्हणाली, आणि माहीत आहे असं लोकांना कुठून वाटू लागलं ते लिहीन. त्याचं मूळ साधन जिवंत आहे आणि सावलीत बसलंय.

तिने फोन माझ्यासमोर कातळावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मला नाव, वय, गाव विचारलं. आवाज परक्या माणसाशी बोलताना असतो तसा. मीही ताठ बसलो.

"हा मजकूर आपण कशाच्या आधारे लिहिलात?"

"कशाच्याच नाही."

"इतक्या वर्षांत कोणी आपल्याला त्याबद्दल विचारलं?"

"नाही," मी म्हणालो. "तू पहिलीच."