काकूंचा दुखरा खांदा

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये दर मंगळवारी एक मराठी काकू माझ्या शेजारी बसायच्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. कोट घालताना आधी दुखरा डावा हात उजव्या हाताने उचलून बाहीत सरकवायच्या. फ्लूची लस खांद्यात फार वर टोचली गेली, तेव्हापासून तो हात वर जाईना. लसीमुळे झालेल्या इजेची सरकार भरपाई देतं; तिचा क्लेम केला, तर त्यांचाच वकील म्हणाला, दुखणं लगेच सुरू झाल्याची नोंद कुठेय?

"लसीनंतर दोन दिवसांनी बीपीसाठी डॉक्टरकडे गेले होते. त्यांनी विचारलं, 'हाऊ आर यू?' मी म्हटलं, 'फाइन.' तेच लिहिलंय त्यांनी," काकू म्हणाल्या.

मी चिडलोच. "अहो काकू, सांगायचं ना!"

"बीपीसाठी गेले होते. खांद्याचं कुठे काढत बसू?"

तेवढ्यात माझ्या थेरपिस्टने दारातून विचारलं, "हाऊ आर यू?"

माझा गुडघा सकाळपासून ठणकत होता.

"फाइन," मी म्हणालो.